स्क्रीनच्या कोपऱ्यातलं नाव

काका फोनवर कधी हॅलो म्हणत नसत. कुठल्याही कारखान्यातून तक्रार आली की पहिलं वाक्य ठरलेलं: "स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात काय लिहिलंय, तेवढं वाचा."

उल्हासनगरच्या आमच्या गाळ्यात रसायनांच्या टाक्या चालवणारे कंट्रोल पॅनल बनतात. त्यांतलं सॉफ्टवेअर काका लिहीत, मी त्यांच्या हाताखाली. ते कंपाइल होतानाच, म्हणजे मशीनसाठी तयार होतानाच, आवृत्तीचा नंबर, तारीख आणि बनवणाऱ्याचं नाव आपोआप आत जाऊन बसेल आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसेल, अशी सोय त्यांनी केली होती. "नंबर हातानेच टाकू की," असं मी एकदा म्हटलं, तर उसळले. "हाताने? घाईत विसरशील. आणि चूक झाली असेल तर मुद्दाम विसरशील."

मालकांना हे खुपायचं. "काका, तारीख बघून कस्टमर बोलतो, बाजूवाल्याला नवीन दिला, मला जुना का? सगळीकडे वन पॉइंट झिरो टाका ना. खाली-फुकट टेन्शन!"

"मी घरी बसलो की टाका," काका म्हणत.

ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात मालकांनी सांगितलं आणि मी ती सोय काढली. मी. दुसऱ्या कुणी नाही.

पुढे आनंदनगरच्या एका कारखान्यात टाकीचा व्हॉल्व्ह वेळेआधी उघडला आणि एका कामगाराचा हात कोपरापर्यंत भाजला. व्हॉल्व्हची वेळ मीच बदलली होती, मालकांच्या घाईखातर, न तपासता. मालकांनी मात्र त्या कारखान्याला लिहून दिलं: सॉफ्टवेअर जुन्या माणसाचं आहे, तो आता आमच्याकडे नाही. मी बदलापूरला काकांना फोन करून अपघाताचं आणि मालकांच्या पत्राचं सांगितलं.

"कोपऱ्यात काय लिहिलंय?"

"वन पॉइंट झिरो."

"सगळ्या पॅनलवर?"

"हो, काका."

"म्हणजे आता कुणाचंही नाव घेता येतं. घ्या माझं."

तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तो डाग घेऊनच काका गेले. त्यांच्या घरी मालक हार घेऊन आले आणि "काका म्हणजे आमचा पाया" म्हणाले, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्या निर्लज्जपणाची, आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या माझीही.

परवा मी काकांची सोय परत घातली, व्हॉल्व्हची वेळ दुरुस्त केली आणि आनंदनगरला जाऊन नवं सॉफ्टवेअर पॅनलमध्ये भरलं. मॅनेजर म्हणाले, "त्या म्हाताऱ्याची चूक निस्तरताय वाटतं?"

"स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात काय लिहिलंय, तेवढं वाचा."

त्यांनी वाकून नंबर वाचला, तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. "हे तर तुमचं नाव."

"त्या दिवशीही माझंच होतं," मी म्हणालो. "मी ते पुसलं होतं."