ग्लायडरच्या माईकचं उद्घाटन

कोल्हापुरात माणसाच्या हाती माईक देणं सोपं, परत घ्यायला चार माणसं लागतात. हे ठाऊक असूनही मी एका ग्लायडरला माईक बसवायला निघाले होते, कारण माझं पहिलं एकटीचं उड्डाण त्या माईकवर अडलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होते आणि रविवारी उजळाईवाडीच्या माळावर ग्लायडिंग शिकायला जायचे. क्लबकडे ग्लायडर एकच. त्याला इंजिन नसतं. माळाच्या दुसऱ्या टोकाचं यंत्र त्याला तारेनं ओढून वर चढवतं, मग वैमानिक तार सोडतो आणि घिरट्या घालत खाली येतो. शिवाजी पेठेतली पोरगी सायकलवरून विमान उडवायला जाते, यावर आमच्या गल्लीत भरपूर चर्चा झाली होती. पोरगी उडून गेली तर शोधायची कुठं, असं बायका आईला तोंडावर विचारायच्या.

मागच्या सीटवर बसणारे आमचे प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले होते. आता तुला माझी गरज नाही, असं ते दर रविवारी म्हणायचे. पण विमानातल्या रेडिओचा माईक बंद पडला होता, आणि रेडिओशिवाय कुणाला पहिल्यांदा एकटं सोडायचं नाही हा त्यांचा नियम. नियम म्हणजे नियम, हे त्यांचं आवडतं वाक्य.

माईक दुरुस्तीसाठी क्लबनं समिती नेमली. समितीनं चहा घेतला, पुन्हा भेटायचं ठरवलं आणि पुन्हा चहा घेतला. शेवटी मीच एका जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधली बोलायची चकती काढली, तारांना डाख दिला आणि विमान वळवायच्या दांडीला दारावरच्या घंटीचं बटण बांधलं. या रेडिओवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. बटण दाबून धरलं की आपण बोलायचं, सोडलं की समोरच्याचं ऐकायचं. दाबलेलंच राहिलं तर खालून कुणी कितीही ओरडलं तरी वर काही पोचत नाही. आमच्या गावात अशी व्यवस्था चालणं मुळातच अवघड, तरी ती चालली. माळाच्या पार टोकावरून प्रशिक्षकांचा खोकलासुद्धा मला ऐकू आला. पुढच्या रविवारी तू एकटी, असं त्यांनी रेडिओवरच सांगून टाकलं. मला इतका आनंद झाला की घरी गेल्यावर आईनं न सांगता मी भांडी घासली.

पण उद्घाटन झाल्याशिवाय आपल्याकडे काही सुरू होत नाही. क्लबच्या अध्यक्षांची शिरोलीत फाउंड्री होती. उडवायचं जुनं लायसन्स त्यांच्याकडे होतं, पण ते वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा, फोटोपुरते, एकटे उडायचे. नव्या माईकवरून आपण आकाशातून भाषण करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. रविवारी माळावर मांडव पडला. गावातली सगळी पदं खुर्च्यांवर येऊन बसली. जमिनीवरच्या सेटचा आवाज पाहुण्यांना ऐकू यावा म्हणून त्याच्यापुढं मांडववाल्याचा माईक ठेवून कर्णा लावला. अध्यक्ष उतरले की लगेच माझा नंबर होता.

विमानात वाकून पाहिलं तर घंटीचं बटण गायब. त्या जागी घरातल्या दिव्याचं खटक्याचं बटण, एकदा खाली केलं की चालूच राहणारं. अध्यक्षसाहेबांच्या हुकमावरून त्यांच्या इलेक्ट्रिशियननं सकाळीच ते बदललं होतं. साहेब, अशानं तुम्हाला खालचं काही ऐकू येणार नाही, असं मी सांगितलं.

"पोरी, बटण दाबून धरायला मी काय लिफ्टमन हाय?" ते म्हणाले. "आणि खालचं ऐकायचं कशाला? आज बोलणार मी हाय की."

मी प्रशिक्षकांकडे पाहिलं. एवढा कार्यक्रम होऊ दे, मग बदलू, असं ते हळूच म्हणाले. नियम मांडवाच्या बाहेर उभा राहिला होता.

नारळ फुटला. अध्यक्ष फोटोग्राफरला हात हलवत राहिले आणि त्या गडबडीत पंखांवरच्या ब्रेकचा दांडा लॉक करायचं विसरले. तारेनं ग्लायडर वर जाताच दोन्ही पंखांवर ब्रेकच्या फळ्या उभ्या राहिल्या. अशानं विमान झपाट्यानं खाली येतं. प्रशिक्षक सेटवर ओरडू लागले, ब्रेक बंद करा, ब्रेक बंद करा. पण खटका खाली होता आणि कर्ण्यातून साहेब घुमत होते: सन्माननीय नगराध्यक्ष, आदरणीय सभापती, आमचे मार्गदर्शक... आपल्याकडे मान्यवरांची नावं मानाप्रमाणं घेतल्याशिवाय मुद्द्याला हात घालता येत नाही, आणि कुणाला वगळलं तर निवडणुकीत महागात पडतं. ग्लायडर खाली येत राहिलं, यादी पुढं जात राहिली. शेवटी धावपट्टी गाठायच्या आधीच ते उसात शिरलं. कर्ण्यातून मोठा कडाका आला. सगळे उसाकडे धावले.

मग उसातून आवाज आला, "बँकेच्या चेअरमनांचं नाव ऱ्हायलं."

अध्यक्षांना खरचटलंसुद्धा नव्हतं. ग्लायडरचा डावा पंख मात्र मुळातून मोडला होता. मी उसात उभी राहून रडले. भीतीनं नाही, संतापानं. लोकांना वाटलं, पोरीला साहेबांची किती काळजी.

पुढच्याच आठवड्यात पुनर्जन्माबद्दल अध्यक्षांचा सत्कार झाला. उत्तरादाखल ते म्हणाले, "वर किती धोका असतोय ते मी सोता बघून आलोय. म्हणून पोरीबाळींना एकटं सोडायचं न्हाय, असा ठराव मी मांडतो." प्रशिक्षकांनी अनुमोदन दिलं. टाळ्या झाल्या. जाताना साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि माईक झ्याक केलतास म्हणाले.

ग्लायडर दुरुस्त होऊन आलं तेव्हापासून मी पुढं बसून ते चालवायचे आणि ठरावाप्रमाणं मागं सोबतीला कुणीतरी पुरुष असायचा. एकदा खुद्द अध्यक्षच बसले. जमिनीवर टेकेपर्यंत ते मागून अंबाबाईचा धावा करत होते.