सुमन आणि तिचा छटाक

दारव्ह्याहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दिग्रसला आमच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "मोठ्याई, आई गेली," एवढंच बोलला. शेंगा तशाच राहिल्या… सुमन माझी धाकटी जाऊ. सव्वा महिना होत आला. तिची आठवण काढायची तर मला आधी एका पाखराचंच सांगावं लागेल.

कचेरीत कारकून होती ती, आणि घरी लव्हबर्डची जोडी पाळलेली. एका खेपेला चार पिल्लं निघाली, त्यातलं शेवटचं अगदी मरतुकडं. भावंडं त्याला तुडवायची, आई चारायची नाही. सुमननं ते उचललं, कापूस घातलेल्या डब्यात बल्बच्या उबेला ठेवलं आणि नाव दिलं छटाक. मी तेव्हा आठ दिवस तिच्याकडे होते. सकाळ-संध्याकाळ ती चारायची, दुपार माझ्याकडे. लहान बाळांच्या खाऊचं पीठ कोमट पाण्यात पातळ करायचं आणि बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब द्यायचं. कातडी इतकी पातळ, की गळ्याखालच्या पिशवीतलं अन्न बाहेरून दिसे. ती पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही, हे तिनं मला तीनदा बजावलं होतं.

पण आमच्याकडे पाहुण्यानं ताटावर हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात! छटाकनं चोच उघडली की मला वाटे, लेकरू उपाशी आहे. एका दुपारी वाटीतलं सगळं चारून टाकलं. संध्याकाळी पिशवी कणकेसारखी घट्ट झाली, मान लोळायला लागली. सुमननं आल्या आल्या विचारलं, तर मी म्हणाले, "तू सांगितलं तेवढंच देल्लं." खोटं बोलले… मोठी जाऊ ना मी. तिनं छटाकला तळहातावर घेतलं. कोमट पाण्याचे दोन थेंब पाजून बोटाच्या टोकानं ती पिशवी हळूहळू चोळत बसली. आपली पाठ कधी अशी चोळली नाही, असा भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला टोमणाही मारला. सकाळी पिशवी मऊ पडली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भूक त्याची हाये ताई, आपली नाही."

छटाक जगला. भावंडं उडायला लागली तरी याला धड पिसं नव्हती. शेजारणी हसत, पण सुमनला घाई नव्हती. एक दिवस तिच्या खांद्यावरून उडाला तो थेट भाऊजींच्या टकलावर जाऊन बसला. त्या दिवशी तिनं कचेरीत पेढे वाटले.

सहा वर्षांनी तिलाच पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. जो येई तो दोन घास खा म्हणून मागे लागे. मीही मुगाची पातळ खिचडी घेऊन बसले. चमचा ओठांपाशी नेला, तिनं ओठ मिटले. मग माझा मान राखायला पुन्हा तोंड उघडलं… माझा हात तिथंच थांबला. वाटी बाजूला ठेवली आणि कसंबसं बोलले, "सुमन, त्या दिवशी छटाकले मी सारी वाटी चारली होती."

ती हसली. "मले माहीत होतं ताई. वाटी घाईघाईनं घासून ठेवली होती तुमी. एरवी कधी घासता?"

मोठी असून दोन घास चारता आले नाहीत, असं दाराशी उभी असलेली नणंद बोललीच. मी ऐकून घेतलं. सुमन माझा हात धरून डोळे मिटून निवांत पडली होती. तीच आमची शेवटची भेट.

छटाक आता माझ्याकडे आहे. सकाळी पिंजरा उघडला की खांद्यावर येतो आणि माझ्या कानामागे चोचीनं काहीतरी शोधत राहतो. पहिले काही दिवस मला कळेना. मग लक्षात आलं, तिथं सुमनच्या चष्म्याची दांडी असायची. मला चष्मा नाही. पण मी हलत नाही, त्याचं शोधून होईपर्यंत बसून राहते…