बिनतुऱ्याची दुर्वा

विचुंब्याच्या गोदूला गावात दोन गोष्टींमुळे ओळखत. तिला मूल नव्हतं, आणि तिच्या दुर्वेला तुरा येत नसे. पहिल्या गोष्टीपायी बारसं असो, ओटीभरण असो, तिला स्वयंपाकघरात ठेवत. दुसरीपायी वर्षातून एक दिवस सगळ्या गावाच्या पुढे उभी करत. एकाच बाईला एकाच तोंडाने 'नको' आणि 'ये' म्हणायचं, हे गावालाच जमतं.

तुऱ्याचं प्रकरण नीट सांगायला हवं. गणपतीला दुर्वा वाहायची ती कोवळी, तीन पात्यांची आणि तुरा न आलेली, असं शास्त्र आहे. पण दुर्वा कुठे शास्त्र वाचते? नेमक्या भाद्रपदातच तिच्या टोकाला चिमणीच्या पायासारखा बोटाबोटांचा तुरा फुटतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाया बांधाबांधाने वाकून बिनतुऱ्याचे शेंडे शोधत फिरत, कंबर धरून परत येत, आणि शेवटी 'देवाला काय कळतंय' म्हणत तुरे खुडून जुड्या बांधत. फक्त कमळाकरच्या शेतात, विहिरीच्या खालच्या अंगाला, दोन-चार खाटा मावतील एवढ्या जागेत अशी दुर्वा होती की तिला तुरा म्हणून यायचाच नाही. वैशाखात सगळं रान करपलं तरी ती हिरवी. नाकतोड्यांनी आजूबाजूचं सगळं फस्त केलं तरी हिला तोंड लावत नसत. मधूनच एखाद्या शेंड्याला काजळाचं बोट लागल्यासारखं काळं दिसे. गोदू म्हणायची, ती तीट हाय. आपल्या दुर्वेला दृष्ट लागू नये म्हणून देवानेच लावलेली.

कमळाकर हा गोदूचा धाकटा भाऊ. गोदूला दिली होती रोडपालीला, मिठागरवाल्यांच्या घरात. काही वर्षं वाट पाहून सासरच्यांनी तिला माहेरच्या ओट्यावर आणून सोडलं आणि नवऱ्याने दुसरी केली. दुसरीलाही काही झालं नाही. पण तोवर निकाल लागून गेला होता, आणि असले निकाल कोणी फिरून उघडत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. इथे चोर कोण हे कोणी विचारलंदेखील नाही. गोदूनेही नाही. ती भावाच्या घरी राबू लागली. भावजय हौसा तोंडाची तिखट होती, पण ताटात वाढताना तिने हात कधी आखडला नाही. तिची पोरं, परेश आणि दिपिका, आत्याच्याच मांडीवर वाढली.

विहिरीवर धुणी धुताना गोदूच्या ती दुर्वा ध्यानात आली. त्या वर्षी तिने सहज एक जुडी देवळात नेली. गावच्या गणपतीचं सगळं गुणाबाईच्या शब्दाने चाले. म्हातारीने जुडी उलटीसुलटी करून पाहिली, एकही तुरा नाही, खुडल्याची खूण नाही. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की आता दरसाल पहिली जुडी गोदूच्या हातची. आणि वर म्हणाली, "देवानं हिला कूस दिली नाय, पन हात दिला."

हे वाक्य मग दर चतुर्थीला यायचं. मान डोलवायला सगळं गाव असायचं. गोदू वाकून जुडी ठेवायची आणि ते ऐकून घ्यायची. भातात खडा लागला म्हणून कोणी ताट लोटून देत नाही. तो एक दिवस गेला असता तर उरलेलं वर्ष कशाला धरून काढायचं, हे तिला कळत नव्हतं.

उरलेल्या जुड्या घेऊन ती पनवेलच्या बाजारात बसे. तिथे एका वर्षी पद्मजाबाई आल्या. बाई पनवेलच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि खांदा कॉलनीत भाड्याच्या घरात राहत. त्यांनी जुडी उचलली, पिशवीत टाकली, पुन्हा काढली आणि एक काळा शेंडा डोळ्यांजवळ नेला.

"मावशी, ही दुर्वा कुठली?"

"माज्या भावाच्या शेतातली. ती तीट हाय बाई, घान नाय."

"मला जागा दाखवाल?"

पुढच्याच रविवारी बाई विचुंब्यात हजर. बरोबर भिंग, ब्लेड आणि डालड्याचे दोन रिकामे डबे. बांधावर बसून त्यांनी शेंडे चिरले, मुळं पाहिली आणि माती लागलेल्या हातांनी चष्मा वर सारत सांगायला लागल्या. या गवताच्या आत एक बुरशी राहते. वरून दिसत नाही, पण दांड्यादांड्यातून ती भिनलेली असते. नवा फुटवा आला की त्याच्याबरोबर पुढे सरकते.

"म्हंजे रोग?" गोदूने विचारलं.

"अगदी रोगही नाही. भाडेकरू समजा. राहायला जागा घेतो, खाणंपिणं गवताचंच. पण भाडंही देतो. किड्यांना कडू लागेल असं काहीतरी तयार करतो, उन्हाळ्यात गवत सुकू देत नाही. फक्त त्याची एक अट असते. घरात पोरंबाळं नकोत. तुरा यायला लागला की आतल्या आत गळा दाबतो. मग तुऱ्याच्या जागी ही तुमची तीट येते."

"भाडेकरूची अट?" गोदू हसली. "आमच्यात तर घरमालकाची अस्ते."

बाईही हसल्या. खांदा कॉलनीतल्या घरमालकाच्या अटी त्यांना तोंडपाठ होत्या.

गोदू मात्र लगेच हसायची थांबली. तिने हातातला शेंडा फिरवून पाहिला. "मंग गवताचा काय दोष नाय?"

"गवताचा कसला दोष? औषध देऊन बुरशी मारली तर याच दुर्वेला तुरा यायला हवा. तेच करून बघणार आहे. एका डब्यात औषध घालीन, एक असाच ठेवीन."

बाई डबे भरून गेल्या. गोदू संध्याकाळपर्यंत बांधावर होती. हौसाने हाक मारली तेव्हा उठली आणि धुणं तसंच विसरून घरी आली.

त्यानंतरच्या वर्षी शेत गेलं. विचुंब्यात इमारती येऊ लागल्या होत्या आणि विहिरीकडच्या तुकड्याचा सौदा कमळाकरने करून टाकला होता. पावसाळा संपल्यावर भराव पडणार, तोवर दुर्वा उचलून परसात लावू, असं बहीणभावाचं ठरलं होतं. पण ठरवणारे दोघे आणि डंपरवाला तिसरा. आषाढात उघडीप मिळताच मुरुमाच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, आणि गोदू तेव्हा टायफॉइडने पनवेलच्या दवाखान्यात पडलेली. कमळाकर फावडं घेऊन धावला. बहिणीची दुर्वा विहिरीजवळ आहे एवढं त्याला माहीत होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला हिरवीगार दिसली, ती त्याने मुळासकट खणून टोपलीत भरली आणि परसात नीट ओळीने लावली. आषाढात सगळीच दुर्वा हिरवी असते. खालचं अंग दुपारपर्यंत मुरुमाखाली गेलं.

गोदू वाळून काडी होऊन घरी आली तेव्हा त्याने तिला हाताला धरून परसात नेलं. "बघ, तुजी दुर्वा वाचवली." तिने भावाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. इतकं तिच्यासाठी आजवर कोणी केलं नव्हतं.

चतुर्थी तोंडावर आली आणि त्या दुर्वेला तुरे आले. एक-दोन नव्हे, सगळीला. गोदू सकाळी परसात गेली ती तिथेच बसली. हौसा चुलीपासून ओरडली, "अगं, झालं काय?" कमळाकर बाहेर आला, त्याने पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं. माणसाने जीव तोडून चुकीची वस्तू वाचवली होती. गोदू त्याला एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू केलंस ते केलंस." आणि पायात चपला सरकवून खांदा कॉलनीची वाट धरली.

पद्मजाबाईंच्या गॅलरीत डालड्याचे दोन्ही डबे होते. कॉलेजात सुट्टीत पाणी घालायला कोणी नसतं म्हणून बाईंनी ते घरी आणले होते. गोदूने एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी डावीकडचा डबा उचलून तिच्या हातात दिला. दाट, हिरवा, एकही तुरा नाही, एका शेंड्याला तीट.

"ही तुमची. जशीच्या तशी आहे. मला थोडी तोडून ठेवते, बाकी न्या. मावशी, एक मात्र करा. बुरशीचं गावात बोलू नका. तुम्हाला-मला कळतं, पण लोकांना किळस येईल. उगाच तुमचा मान जायचा."

गोदूचं लक्ष दुसऱ्या डब्याकडे होतं. "आन ही?"

"औषधाची. हिच्या मागे वर्षभर लागले होते. परवा आला बघा." बाईंचा आवाज चढला. त्या डब्यातून एक बारीक दांडी वर निघाली होती आणि तिच्या टोकाला चार बोटांचा जांभळट तुरा होता.

"दोन्ही एकच?"

"एकाच गड्ड्यातली. मीच नाही का विभागली तुमच्यासमोर?"

गोदू डब्यापाशी उकिडवी बसली. तुऱ्याला बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाई चहा करायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती पुसतही नव्हती. "व्हत व्हतं," ती म्हणाली. "हिला व्हत व्हतं." बाईंना वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा असेल. त्यांनी चहात साखर जरा जास्त घातली. गोदूच्या संसाराचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि गोदूने सांगितलंही नाही.

चतुर्थीला गोदू आंघोळ करून, नवं लुगडं नेसून देवळात गेली. हातात जुडी, बिनतुऱ्याची. गुणाबाईने ती घेतली, डोळ्यांजवळ नेली, समाधानाने मान हलवली. गेल्या कितीतरी वर्षांसारखं सगळं जागच्या जागी होतं. परेश समई लावत होता, हौसा ताट घेऊन उभी होती, कमळाकर सुटल्यासारखा बहिणीकडे पाहत होता.

"देवानं हिला कूस दिली नाय," गुणाबाई म्हणाली, "पन हात दिला."

गोदू वाकली नाही.

"गुणाआय, ही दुर्वा वांझ नाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण देऊळही मोठं नव्हतं. "हिच्या आत बुरशी बसलीय. ती हिचा तुरा मारते. औषध घातलं तं हिलाच तुरा येतो, मी माज्या डोळ्यांनी पाह्यला. इतकी वर्सं आमी म्हनत व्हतो, हिला तुरा यायचाच नाय. दोष हिचा नव्हता. आन माजाबी नसंल. माजं कुनी बघितलंच नाय."

कमळाकरने मान खाली घातली. तेवढ्यात मागून कोणीतरी कुजबुजलं, "बुरशी? बुरशीची दुर्वा देवाला?" आणि तो शब्द देवळातून फिरू लागला. गुणाबाईने हातातली जुडी आधी मांडीवर ठेवली, मग पाटाच्या कडेला. परेशने गडबडीने आरती सुरू केली. गोदू शेवटच्या कडव्यापर्यंत थांबली, प्रसाद घेतला आणि घरी आली. त्या दिवशी गणपतीला तुरे खुडलेल्या दुर्वाच वाहिल्या गेल्या. देवाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मान गेला तो गेला. पुढच्या साली देवळाच्या मंडळाने बाजारातून दुर्वा आणायचं काम परेशवर सोपवलं. तो ते आत्याला सांगायला आला आणि दारातच घुटमळला. "आन बाबा," ती म्हणाली, "नीट बघून आन." बिनतुऱ्याचा डबा तिने पद्मजाबाईंना परत केला होता, त्यांच्या अभ्यासाला तो लागत होता. परसातल्या कमळाकरच्या दुर्वेला ती पाणी घालायची. तिचं बी झडू द्यायची आणि चिमण्या टिपायला आल्या की हाकलायची नाही.

पण बदल झाला तो त्याआधीच, मान गेला त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात. दिपिका पहिलटकरीण होऊन माहेरी आली होती आणि घरात तिचं ओटीभरण होतं. बाया जमल्या, पाट मांडला, गुणाबाई खांबाला टेकून बसली. गोदू नेहमीप्रमाणे आत चुलीपाशी होती. तिला कोणी बोलावलं नाही. कोणी बोलावणार नाही हे तिलाही माहीत होतं.

तिने भाताचं पातेलं उतरवलं, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन दिपिकाच्या शेजारी बसली. हौसाने एकदा गुणाबाईकडे पाहिलं, मग नणंदेकडे, आणि हळदीकुंकवाचं ताट गोदूच्या पुढ्यात सरकवलं. ऊठ असं कोणी म्हणालं नाही.