सात नंबरची दुर्बीण

माणसाच्या नाकाला किती तेल सुटतं, हे कुणाला विचारायचंच असेल तर त्या बाईला विचारावं. मनोऱ्याच्या चाळीसाव्या मजल्यावरून सगळं शहर पायाखाली दिसतं म्हणून लांबलांबून माणसं लोटतात, आणि तिथल्या काचा ती एकोणीस वर्षं पुसत होती. तिचं नाव कुणी घेत नसे. लिफ्टवाल्यापासून सुपरवायझरपर्यंत सगळे तिला काचवाली म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

लिफ्टचं दार उघडलं की माणसं "अय्या!" करून धावत सुटत आणि थेट काचेला थोबाड लावत. दोन बोटं लांब उभं राहून दिसत नाही का? दिसतं की! पण नाही, टेकवायचंच. कपाळाचा एक डाग, त्याखाली नाकाचा, त्याखाली श्वासाचा ओला गोल. आणि गुडघ्याच्या उंचीवर पोरांच्या जिभा. हो, जिभा! काच चाटतात मेली, आणि आया शेजारी उभ्या राहून फोटो काढतात. कुणी लिपस्टिकचे ओठ उमटवून जातं, कुणी शिंकून मोकळं होतं, कुणी चघळलेलं च्युइंगम कोपऱ्यात दाबून ठेवतं, जसं काही संध्याकाळी परत न्यायला येणार आहे. काचवाली फवारा मारी, रबरी पट्टी वरून खाली ओढी आणि पट्टीच्या कडेला जमलेलं ते करडं चिकट पाणी फडक्यानं टिपताना तोंड फिरवी. तिची पाठ वळते न वळते तोच नवं नाक हजर.

यात तिच्या पोटाची वाट लागली. दुपारी जिन्याखालच्या खोलीत डबा उघडला की हाताला त्या फडक्याचा वास यायचा. दोनदा साबण लावा, तीनदा लावा, वास तिथंच. एक घास घ्यायची, पोटात ढवळायचं, की लावलं झाकण. संध्याकाळी घरी आई तो डबा हातात घेऊन नुसता हलवून बघे. "भूक नव्हती गं," काचवाली म्हणे.

घरात या दोघीच. एका जुन्या इमारतीच्या अगदी वरची एक खोली, आणि खोलीच्या दारालाच लागून गच्ची. आईनं सगळं आयुष्य गणवेशाच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढलं होतं. बाई जिभेची तिखट, हाताची चलाख. पण वडील गेले आणि तिनं जे अंथरूण धरलं ते धरलंच. भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टर म्हणाले, "यांना उठतं ठेवा, नाहीतर पाय कायमचे जातील." सांगायला काय जातंय! लेक सकाळी सहाला बाहेर पडणार, दिवेलागणीला परत येणार. उठतं ठेवणार कोण?

तेव्हा काचवालीला सात नंबरची दुर्बीण सुचली.

वर काचेच्या कडेनं बारा दुर्बिणी खांबांवर बसवल्या होत्या, आल्यागेल्यानं फुकट बघाव्या म्हणून. त्यांची भिंगं पुसण्याचं कामही तिचंच. पुसून झालं की प्रत्येक दुर्बीण नदीवरच्या पुलाकडे वळवून ठेवायची, असा तिथला नियम. एकोणीस वर्षांत तिनं कधी एकीतूनही पाहिलं नव्हतं. आता मात्र तीन दिवस खटपट करून, हजारो गच्च्यांतून तिनं आपली गच्ची शोधली. निळी पाण्याची टाकी, तिच्या डावीकडे आपलं दार. पुन्हा सापडावी म्हणून खांबाच्या कड्यावर नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला.

"आई," तिनं त्या संध्याकाळी सांगितलं, "शेजारच्या शाळेची अकराची घंटा झाली की गच्चीत यायचं आणि काहीतरी हातात धरून हलवायचं. काय धरलं होतंस ते मी घरी आल्यावर सांगणार. चुकले तर आठवडाभर भांडी मी घासणार."

"भांडी तशीही तूच घासतेस," भिंतीकडून आवाज आला.

पण दुसऱ्या दिवशी अकराला ती गच्चीत होती. हातात उलथनं! संध्याकाळी काचवालीनं "उलथनं" म्हटल्याबरोबर म्हातारीनं टाळी वाजवली. मग रोज नवं काहीतरी. छत्री, झाडू, उशीचा अभ्रा, एकदा तर भिंतीवरचं घड्याळच काढून आणलं. आता आई सकाळपासून आज काय न्यायचं या विचारात असायची. केस विंचरायची, स्वतः पाणी तापवून घ्यायची. आठ महिन्यांत तिचे पाय असे सुधारले की डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं.

आता घोळ कुठं झाला, तर एका सकाळी सुपरवायझरनं हाक मारली म्हणून काचवाली दुर्बीण तशीच सोडून धावली. पुलाकडे वळवायची राहिली. तेवढीच एक चूक.

तिथं एक माहिती सांगणारा गाइड होता, लाल टोपी घालायचा. तोंडाची टकळी चालू आणि डोळे लोकांच्या खिशाकडे. त्यानं त्या दुर्बिणीला डोळा लावला आणि त्याला गच्चीत झाडू नाचवणारी म्हातारी दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसली. तिसऱ्या दिवशी तो पंचवीस माणसांची रांग घेऊनच आला.

"मंडळी, आता आपल्या मनोऱ्याची खास गंमत! अकराची आजी! लाल ठिपक्यावर आणा, निळ्या टाकीच्या डावीकडे बघा. रोज अकराला आपल्याला टाटा करते. डोक्याचा एक आटा ढिला आहे, पण वेळेला पक्की!"

माणसं खिदळली. एकेकजण डोळा लावी, "अगं बाई, ताट वाजवतेय!" म्हणून ओरडे, आणि इकडून हात हलवून वेडावून दाखवी. एका पोटसुट्यानं फोन भिंगाला लावून सगळं चित्रीकरण केलं. काचवाली फडकं घेऊन तिथंच उभी होती.

"मावशी, या, तुम्हीही बघा!" लाल टोपीवाल्यानं तिला खांद्याला धरून पुढं केलं. तिनं डोळा लावला. आई ताट दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवत होती आणि हसत होती. तिची आई, तिच्यासाठी. मागून कुणीतरी विचारलं, "काय, आहे की नाही गंमत?" आणि काचवाली, काय सांगायचं तुम्हाला, ती हसली. तोंडावर हसू आणून बाजूला झाली.

सगळ्या नाकांची, जिभांची, शिंकांची मिळून जेवढी किळस तिला एकोणीस वर्षांत आली नव्हती, तेवढी त्या एका हसण्याची आली. त्या दुपारी डबा उघडलाच नाही.

त्यानंतर अकराला तिला दुर्बिणीपाशी उभं राहायलाच मिळेना. रांगच असायची. पण उत्तर मात्र कळायचं. "आज छत्री आहे, छत्री!" असं कुणी ना कुणी ओरडायचंच. त्यांच्या खिदळण्यातून ती ते उचलायची आणि संध्याकाळी आईला सांगायची, "छत्री." आई टाळी वाजवायची. काचवालीला वाटायचं, उष्टं आणून वाढते आहे मी हिला.

तिनं ब्लेडनं ठिपका खरवडून काढला. काय उपयोग? लाल टोपीवाल्याला आता निळी टाकी पाठ होती. वरच्या साहेब लोकांना ही गंमत इतकी आवडली, की सात नंबरसमोर जमिनीवर दोन पावलांचं चित्र चिकटवलं गेलं: 'अकराच्या आजीला इथून हात करा.'

तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं लाल टोपीवाल्याला लिफ्टपाशी गाठलं.

"बंद कर हे. ती आई आहे माझी."

काचवालीला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल. त्यानं चक्क टाळी दिली.

"काय सांगता मावशी! आधी नाही बोलायचं? आणा की त्यांना एकदा वर! तिकीट माझ्याकडे लागलं. लोक रांगा लावतील फोटोला. तेच ताट हातात द्यायचं आणि इथं या पावलांवर उभं करायचं!"

तिच्या तोंडात आंबट पाणी आलं. ती धावत जिन्याखाली गेली आणि बेसिनवर ओकली.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना तिनं सकाळपासूनच्या काचा पुसलेलं फडकं घेतलं. न धुतलेलं. दोन-तीनशे नाकं होती त्यात. आणि जिनं एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे डाग काढले, तिनं सात नंबरच्या भिंगावर ते फडकं चांगलं रगडून फिरवलं. वरून स्टीलच्या कठड्याला लावायचं मेण. मग शांतपणे पलीकडे जाऊन उभी राहिली.

"काहीच दिसत नाही हो!" पहिलाच माणूस ओरडला. त्यानं रुमालानं पुसलं, तेल आणखी पसरलं. दुसऱ्यानं बाहीनं पुसलं. एका बाईनं तर थुंकी लावून पाहिली. घ्या, तुमचंच आहे, काचवाली मनात म्हणाली. लाल टोपीवाला घामाघूम झाला. लोक कुरकुरत पांगले आणि तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

लिफ्टमधून खाली उतरताना तिच्या ध्यानात आलं, की आज आईच्या हातात काय होतं ते तिलाही ठाऊक नाही.

घरी आली तर आई केस नीट विंचरून, पलंगावर ताठ बसलेली. गेले चार दिवस ती काहीतरी शिवत होती आणि लेक आली की पांघरुणाखाली सारत होती. आज चेहरा कसा खुललेला.

"सांग बघू. आज काय होतं?"

तिनं खोलीभर नजर फिरवली. दोरीवर टॉवेल होता, जरासा चुरगळलेला.

"टॉवेल," ती म्हणाली.

आईनं दोरीवरच्या टॉवेलकडे एकदा पाहिलं. मग तिनं टाळी वाजवली.

"बरोबर," आई म्हणाली आणि डब्यासाठी हात पुढं केला. हलवून पाहिला. भरलेला होता. तिनं तो तसाच खाली ठेवला आणि आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून.

काचवाली पांघरूण सारखं करायला गेली तेव्हा पायथ्याशी घडी हाताला लागली. जुनी पांढरी चादर. तिच्यावर गणवेशाच्या निळ्या कापडाची वीत-वीत रुंद अक्षरं कापून, कडा दुमडून, बारीक टाक्यांनी शिवलेली होती. तिनं उलगडली. चादर खोलीत मावेना, तेव्हा दाराबाहेर गच्चीवर पसरली आणि वाचली.

'डबा खा गं.'

"आज वारा फार होता," भिंतीकडून आवाज आला. "हातात धरवत नव्हती. नीट दिसली नसेल. उद्या परत धरते."

काचवाली चादरीची घडी घालून आत आली. "धर," एवढंच तिनं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या तिनं सात नंबरचं भिंग साबणानं धुतलं, तीन वेळा, कोरड्या फडक्यानं लख्ख केलं. अकराला दहा कमी असतानाच ती त्या दोन पावलांवर जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी दुर्बीण घट्ट धरून, डोळा लावून. लाल टोपीवाला रांग घेऊन आला.

"मावशी, व्हा बाजूला. मंडळी खोळंबली आहेत."

ती हलली नाही. मागून कुणी म्हणालं, ही काय दादागिरी, कुणी म्हणालं, तक्रार करा. कुणीतरी तिच्या कोपराला ढोसलं. तिनं डोळा काढला नाही. तिकडं दार उघडलं. आई आली. चादरीचं एक टोक तिनं टाकीच्या नळाला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि पाय रोवून उभी राहिली. वारा होताच. म्हातारी हेलपाटत होती, पण चादर ताणून धरत होती. काचवालीनं ती तीन अक्षरं आणि तो गं पुन्हा पुन्हा वाचला, आई दमून आत जाईपर्यंत. मग तिनं नियमाप्रमाणे दुर्बीण पुलाकडे वळवली.

"झालं?" लाल टोपीवाला दात खात म्हणाला. "आता व्हा बाजूला."

"नाही झालं," काचवाली म्हणाली.

ती तिथंच, त्या चिकटवलेल्या पावलांवर फतकल मारून बसली. पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. हाताला साबणाचा वास येत होता आणि त्याखालून फडक्याचाही येतच होता. तिनं घास केला आणि तोंडात घातला. पोटात ढवळलं, तरी गिळला. मग दुसरा.

काचेला नाक टेकवून उभी असलेली एक बाई मागं वळली.

"शी!" ती नवऱ्याला म्हणाली. "इथं काय जेवायला बसलीय ही? किळस कशी येत नाही माणसांना?"

काचवालीनं मान वर केली नाही. डब्यात अजून अर्धं उरलं होतं, आणि तिला ते संपवायचं होतं.