भुसावळच्या पुढे न जाणारी गोष्ट

सुरतेतल्या डिंडोलीच्या हेमराज पाटलाकडे एकूण अकरा वह्या होत्या आणि अकराही वह्यांची पहिली तीन पानं भरलेली होती. चौथं पान कुणी पाहिलं नव्हतं. खुद्द हेमराजनंही नाही.

त्याला लिहायचं होतं ते तसं साधंच होतं. त्याचा सख्खा मामा, सखाराम, हा अमळनेरकडच्या त्यांच्या गावातून सुरतेला आलेला पहिला माणूस. त्याच्या मागोमाग गावची चाळीसेक पोरं आली, पांडेसऱ्यातल्या लूमच्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत, चिकटली, संसाराला लागली. या मामाची गोष्ट लिहायची आणि त्यालाच वाचून दाखवायची, कारण मामा अंगठाबहाद्दर. 'मामा, यंदा नक्की' असं हेमराज नव्वद सालापासून सांगत होता. आता शहाण्णव उजाडलं होतं.

बरं, माणूस आळशी म्हणावा तर तसंही नाही. बारा तासांच्या पाळीत सहा-सात माग एकटा सांभाळायचा, धागा तुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडायचा. पण वही पुढ्यात आली की याला काय व्हायचं देव जाणे! पेन चालत नाही, म्हणून नवं पेन. मांडी घालून पाठ दुखते, म्हणून टेबल. त्या टेबलावर दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोनं, कुसुमनं, गॅसची शेगडी मांडली आणि फार बरं केलं. खात्यातला मगनभाई रोज मागांच्या खडखडाटातून ओरडून विचारायचा, "लेखकभाई, चोपडी क्यारे?" पुस्तक कधी, म्हणजे. हेमराजही छाती फुगवून ओरडायचा, "दिवाळी पछी!" कुठल्या दिवाळीनंतर, ते मगनभाईनं कधी विचारलं नाही. भला माणूस.

त्या आषाढात मात्र हेमराज स्वतःच्या तोंडानं अडकला. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते. रविवारी देवी मांडायची, रोटांचा नैवेद्य दाखवायचा आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला पाण्यावर निरोप द्यायचा. यंदा मान हेमराजच्या घराचा होता, म्हणून चौदा भाऊबंद त्याच्याकडे बोलणी करायला जमले होते. चहा झाला, बोलणी आटोपली, तसा मामा गुडघे चोळत म्हणाला, "एवढी कानबाई झाली की मी चाललो गावाले. कायमचा. गुडघे गेले भो, आता जिना चढवत नाही."

काहीतरी बोलायला हवं म्हणून हेमराज बोलून गेला, "मामा, कानबाई उठायच्या आत तुमची गोष्ट तिच्यापुढे वाचतो. नवसच समजा माझा!"

झालं! आपण काय बोलून बसलो ते त्याला बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. मामाला दिलेला शब्द सहा वर्षं टांगून ठेवता येतो, देवीला दिलेला नाही. "अहो, देवीशी चेष्टा करता का?" कुसुम सगळ्यांच्या देखत कडाडली. "घरावर कोप ओढवायचाय? आता लिहाच!"

हेमराजनं बारावी वही आणली. पाळी सुटली की हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून बसायचा. आठवडा झाला. एका संध्याकाळी तो दुकानात गेलेला बघून कुसुमनं वही उघडली. बाई सातवी शिकलेली. 'तापी नदी मुलताई येथे उगम पावते,' अशी सुरुवात होती. दुसऱ्या पानावर बऱ्हाणपूर आलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी भुसावळ आलं आणि लिखाण संपलं. तिला शंका आली. तिनं पत्र्याच्या पेटीतून जुन्या अकराही वह्या काढल्या. सगळीकडे मुलताई, सगळीकडे भुसावळ.

हेमराज दारात आला तर घरभर वह्या पसरलेल्या.

"यात मामा कुठं आहेत?" कुसुमनं विचारलं.

"येतील की! आधी नदी, मग खानदेश, मग दुष्काळ, मग आपलं गाव... पुस्तकात असंच असतं."

"सहा वर्षं झाली, नदी भुसावळ सोडेना! आणि मामा पंधरा दिवसांनी निघाले. मला एक सांगा, मामा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं?"

"उधन्याचं स्टेशन," हेमराज पटकन म्हणाला.

"मग तिथून लिहा ना, बापा!"

हेमराजनं बारावी वही उचलून कोरं पान काढलं. असं चालतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस तो देवीच्या धाकानं लिहीत होता. तिसऱ्या दिवशी धाकबिक विसरला. चौथं पान आलं, पाचवं आलं, आणि त्याला इतका आनंद झाला की दोन्ही पानं त्यानं शेजारच्या सरलाबाईंना नुसती लांबून दाखवली. कुसुम मजुरीवर आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत बाजूला बसायची आणि पान संपलं की विचारायची, "मग?" त्या 'मग'साठी हेमराज दिवसभर मनात वाक्यं जुळवत फिरायचा. मागावर तुटलेला धागा दिसला नाही, हातभर कापड बिघडलं, मगनभाईनं शिव्या घातल्या. हेमराज हसत उभा!

रविवारी कानबाई बसली. नैवेद्य झाला आणि जेवणाआधी हेमराजनं वही उघडली. बावीस पानं.

सतरा वर्षांचा हेमराज सुरतेला येतो. मागांच्या आवाजानं तिसऱ्याच दिवशी घाबरतो आणि गावी पळून जायला निघून उधन्याच्या स्टेशनात बाकावर रडत बसतो. मामा त्याला शोधत येतो. खांद्यावर पिशवी. रागावत नाही. पिशवीतून भाकरी-ठेचा काढतो, भाच्याला जेवू घालतो, हात धरून खात्यात परत नेतो आणि मुकादमाला सांगतो, "हाऊ मना भाचा शे."

वाचून संपलं. मामानं टोपी काढून तिनंच डोळे पुसले.

"मामा, काही चुकलं का?"

"एक चुकलं," मामा म्हणाला. "मी तुले शोधायला नव्हतो आलो. मीच पळून चाललो होतो."

मामानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"दहा वर्षं झाली होती. वीट आला होता भो. पिशवीत कपडे होते, खिशात तिकीट होतं. स्टेशनात आलो तर बाकावर तू. म्हटलं, मामा-भाचे एकाच गाडीनं पळून आलेले पाहिले तर बहीण काय म्हणेल? लाज वाटली. म्हणून तुझा हात धरून परत फिरलो."

आधी कुसुमला हसू फुटलं, मग सगळे भाऊबंद हसले, आणि हसता हसता एकेक जण डोळे पुसायला लागला. यातल्या कितीतरी जणांना त्यानंतरच मामानं सुरतेला आणलं होतं.

"मामा, हे कुणाला सांगितलं नव्हतं तुम्ही?"

"नाही."

"मग लिहू का?"

"देवीपुढं वाचलंस ना? मग खोटं कसं ठेवशील? लिही," मामा म्हणाला.

हेमराजनं तिथंच, सगळ्यांच्या मधे बसून, 'मामा त्याला शोधत येतो' ही ओळ खोडली आणि खाली नव्यानं लिहायला घेतलं. त्याचं पान भरेपर्यंत जेवायला कुणीच उठलं नाही.