'गॅस हाय का?'

मंडळी, शहापूरच्या सायबर कॅफेत बसलोय आणि शर्टाला अजून चुलीच्या धुराचा वास येतोय.

सरपण जाऊन गॅस आला तसा गावागावांतला कार्बन किती घटला, याचा आलेख आम्ही जुन्या सर्व्हेच्या फॉर्मवरून काढलाय. आज पडताळणीसाठी डोळखांबकडच्या पाड्यावर सखूमावशींकडे गेलो. त्यांच्या पहिल्या फॉर्मवर इंधनाच्या रकान्यात 'लाकूड' आहे, पाच वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर 'गॅस'.

घरात चूल धडधडत होती. कोपऱ्यातल्या सिलिंडरवर फडकं टाकून कळशी ठेवलेली.

मावशी खोकत म्हणाल्या, "पावना आला का गॅस पेटवते. तुमी इचारलं, गॅस हाय का? आमी सांगितलं, हाय. रोज पेटवता का, असं कोनी इचारलंच नाय."

त्या 'गॅस'वाल्या फॉर्मखाली सही माझी आहे; तेव्हा विचारायला मीच आलो होतो. आलेखात त्यांच्या घरचा धूर तेव्हाच संपलाय. त्यांचा खोकला आता कुठल्या रकान्यात लिहू, सांगाल का कोणी?