आईच्या गालावरचा वण

आमची ही कॉम्प्युटरवर चित्रं करते आणि कॉलेजात तेच शिकवते. चष्मे मी विकतो, पण बघायचं कसं ते हिच्याकडून शिकावं. पहिले आठ दिवस ही वर्गात कॉम्प्युटर लावूच देत नाही. पोरांना रस्त्यावर पिटाळते. जाहिरातींचे फलक बघा, त्यातल्या एकाच्या तरी नाकावर घाम दिसतो का ते शोधा, म्हणते. फी भरून रस्ते कसले मोजायचे, म्हणून पोरं करवादतात.

यंदा हिने नवंच खूळ काढलं. घरातला एखादा जुना, स्टुडिओत काढलेला फोटो आणायचा, त्यात काय काय पुसलंय ते घरच्यांना विचारायचं आणि कॉम्प्युटरवर ते पुन्हा चेहऱ्यावर आणायचं. कुणाचा तीळ, कुणाची खोक. प्रदर्शनही ठरलं. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, मॅडम, तुमचा फोटो कुठला? हिने विषयच बदलला.

कारण पुसणारे होते आमचे सासरे! फोटोंच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांचे डाग घालवण्यात त्यांचा जन्म गेला. त्याच सवयीने बायकोच्या गालावरचा भाजल्याचा वणही घालवून बसले. ही दोन वर्षांची असताना आई गेली. मागे राहिला तो एकच फोटो, गुळगुळीत. वण होता एवढं नातेवाइकांकडून ऐकलेलं, पण सख्ख्या आईचा खरा चेहरा हिला माहीतच नाही हो.

हिने त्यांना वणाबद्दल विचारलं, तर भडकलेच. माझ्या जन्मभराच्या कामावर पाणी फिरवतेस, म्हणाले. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाले, उजव्या गालावर, डोळ्याखाली. हिने रंग जुळवून जुळवून वण रंगवला आणि चित्र त्यांच्यापुढे धरलं. मला वाटलं, आता म्हातारा विरघळणार. कसलं काय!

"ही ती नाही," म्हणाले आणि उठून गेले.

ही ढसाढसा रडली. प्रदर्शनातून आईचं चित्रच काढून टाकते म्हणाली. मला सासऱ्यांचा असा संताप आला की काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हिचा विसरलेला डबा द्यायला कॉलेजात गेलो, तर म्हातारा काठी टेकत वर्गात हजर. सगळ्या पोरांदेखत हिच्या खुर्चीत बसले. पेन्सिल चालते त्या बाजूने निगेटिव्हमधला चेहरा आरशातल्यासारखा उलटा, डावा गाल उजवीकडे दिसतो, हे त्यांनी पोरांना समजावलं. तिचा वण पुसताना ते तासन्‌तास त्या उलट्या चेहऱ्याकडे बघत बसले होते, आणि इतक्या वर्षांत डोक्यात तोच राहिला, म्हणून उजवा गाल सांगून बसले.

हिने वण डाव्या गालावर नेला. एवढासा नव्हता, ते म्हणाले, पार जबड्यापर्यंत होता. माउस त्यांनी स्वतःच हातात घेतला. माउसची सवय नव्हती, म्हणून हिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून वण हळूहळू खाली उतरवला.

"ती म्हणत होती, राहू द्या, मी अशीच आहे," सासरे म्हणाले. "मी ऐकलं नाही गं."

ही रडतही होती आणि हसतही होती. माझेही डोळे भरून आले, उगाच खोटं कशाला बोलू?

प्रदर्शनात सासरे दिवसभर त्या चित्राशेजारी उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. येईल त्याला त्या वणाकडे बोट करून सांगत होते, ही माझी बायको.